यंत्राशी बोलण्याची भाषा

संगणकाला मूळची एकच भाषा समजते, आणि तीत शून्य व एक ही दोनच चिन्हे आहेत. त्या भाषेच्या अगदी निकट असणाऱ्या भाषांना 'निम्नस्तरीय भाषा' म्हणतात. ह्या नावात कमीपणा नाही. त्या यंत्राच्या जवळ आहेत, एवढेच त्यातून सांगावयाचे असते. नवख्याला त्या साधणारच नाहीत, असा एक समज आहे. तो कितपत खरा, हे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या एका जुन्या यंत्रावरून कळते.

'एडसॅक' नावाचे हे यंत्र ६ मे १९४९ रोजी प्रथम चालले आणि त्याने वर्गसंख्यांचे कोष्टक छापून दिले. शून्य-एकांच्या लांबलचक ओळी लिहून त्याला आज्ञा देणे जाणत्यालाही जड गेले असते. डेव्हिड व्हीलर हा तेव्हा विद्यार्थीच होता. त्याने अवघ्या ३१ आज्ञांचा एक संच रचला. कागदी फितीवरील अक्षरे व नेहमीचे आकडे वाचून हा संच त्यांची शून्य-एकांत मांडणी करी.

यंत्रात संख्या ठेवण्यास क्रमांक दिलेले कप्पे होते, आणि आकडेमोडीसाठी जणू एक पाटी होती. 'ए' म्हणजे पाटीवर मिळव, 'एस' म्हणजे वजा कर, 'टी' म्हणजे उत्तर कप्प्यात ठेव व पाटी पूस. समजा, कप्पा १०० मध्ये ८ आणि कप्पा १०१ मध्ये ५ आहेत. त्यांच्या बेरजेसाठी 'ए १००', 'ए १०१', 'टी १०२' एवढ्या तीन आज्ञा पुरत. शब्द किती थोडे! अडचण निराळीच होती. पाटी आधी पुसावयाची राहिली आणि तीवर मागच्या गणिताचे ७ उरले असले, तर उत्तर २० येई, आणि यंत्र ते निमूटपणे कप्प्यात ठेवी. ह्या भाषेत विसराळू माणसाची गय नाही.

केंब्रिजच्या मंडळींनी ही अडचण पुष्कळ हलकी केली. वारंवार लागणारे आज्ञासमूह तपासून त्यांनी त्यांचा संग्रह केला. नवख्याला ते आयते वापरता येत. १९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर व गिल यांनी ह्या विद्येचे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात तेथे तीन आठवड्यांचा वर्ग भरला. त्यास हॉलंडमधून एडस्गर डाइक्स्ट्रा हा २१ वर्षांचा तरुण आला होता. पुढे १९७२ चे ट्यूरिंग पारितोषिक त्यालाच मिळाले.

१९५७ मध्ये 'फोरट्रान' ही भाषा आली. तीत बेरीज एका ओळीत लिहिता येते, आणि कप्प्यांची चिंता यंत्रावरच सोपविता येते. तथापि लहानसहान उपकरणांतील चिमुकल्या संगणकांत जागा फार थोडी असते; तेथे आजही कधीकधी कप्पे मोजूनच आज्ञा लिहाव्या लागतात.