रिसीव्हरचे वॅट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

होम थिएटरचा जुना रिसीव्हर बदलताना पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा एकाच आकड्यापायी. तो आकडा वॅटचा. जुना रिसीव्हर चॅनलमागे ८० वॅटचा होता, नवा १५० वॅटचा घेतला म्हणजे आवाज जवळजवळ दुप्पट होणार, असे गृहीत धरले जाते. पुण्याच्या तपकीर गल्लीपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत हे गृहीतक तपासून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या शेजारी असलेल्या जांब्यासारख्या गावांत आता मोठी गृहसंकुले उभी आहेत. तिथल्या दहा बाय सोळा फुटांच्या हॉलसाठीही ‘जास्तीत जास्त वॅटचा’ रिसीव्हर शोधला जातो, आणि ज्यासाठी जुना बदलायचा ते खरे कारण बाजूलाच राहते.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप सरळ रेषेत वाढत नाही. वॅट दुप्पट केले तर पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे दहापट वॅट. या हिशेबाने ८० वरून १५० वॅटवर गेल्यास हाती येतात पावणेतीन डेसिबल. ८० वरून १०० वर गेल्यास एक डेसिबल, जो सिनेमा पाहताना बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही. या एका डेसिबलसाठी वरच्या मॉडेलचे जादा पैसे मोजले जातात.

मुळात घरात किती वॅट खर्च होतात हेही पाहायला हवे. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ दिलेली असते. ८८ डेसिबलचा स्पीकर एक वॅट मिळाल्यावर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतो. सोफा तीन मीटरवर असेल तर मोकळ्या जागेच्या हिशेबाने तिथे साडेअठ्ठ्याहत्तर डेसिबल पोहोचतात. बंद खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे त्याहून थोडे जास्तच. घरी सिनेमा पाहताना सरासरी पातळी ७० ते ७५ डेसिबल असते. याचा अर्थ, पडद्यावर माणसे बोलत असतात तेव्हा तो १५० वॅटचा रिसीव्हर एका वॅटपेक्षाही कमी शक्ती वापरत असतो. स्फोटाच्या प्रसंगात आवाज क्षणभर २० डेसिबलने उसळून ९५ वर गेला, तरी गरज पंचेचाळीस वॅटच्या आसपास थांबते. खालच्या पट्टीतल्या खर्जाचा मोठा भार तर सबवूफर उचलतो आणि त्याचा ॲम्प्लिफायर त्याच्याच पेटीत असतो. चित्रपटगृहाच्या मानकात प्रत्येक मुख्य चॅनलची शिखर पातळी १०५ डेसिबल धरतात, हे खरे. पण शेजाऱ्याशी सामाईक भिंत असलेल्या फ्लॅटमध्ये तेवढा आवाज कोणी ठेवत नाही, ठेवूही नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी घातलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल इतकीच आहे.

त्यातही खोक्यावरचा आकडा कसा मोजला, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. दोन पत्रके शेजारी ठेवून वाचावीत. एकावर लिहिलेले असते: ८० वॅट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती, दोन चॅनल चालू. दुसऱ्यावर: १५० वॅट, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनल चालू. ही दोन्ही वर्णने एकाच यंत्राची असू शकतात. दुसऱ्या मोजणीत ओहम कमी धरले, सगळ्या पट्टीऐवजी एकच सूर वाजवला, एक सोडून बाकीचे चॅनल बंद ठेवले आणि आवाज फाटेपर्यंत ताणला. दहा टक्के विकृती म्हणजे कानाला सहज कळेल इतका खराब आवाज. त्या पातळीवर कोणी सिनेमा ऐकत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला या आकडेबाजीला लगाम घालण्यासाठी १९७४ मध्येच नियम करावा लागला. २०२४ मध्ये तो आणखी कडक झाला: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि एक टक्क्याहून कमी विकृती, याच अटींवर मोजलेला आकडा ठळकपणे द्यायचा. भारतातल्या ग्राहकाने दुकानदाराकडे नेमका हाच आकडा मागावा.

शंका उरलीच तर भिंतीवरचे सॉकेट पाहावे. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १,३८० वॅट घेता येतात. ‘७ गुणिले १८०’ अशी जाहिरात असलेला रिसीव्हर सातही चॅनलना एकाच वेळी तेवढे वॅट देऊ लागला, तर स्पीकरकडे १,२६० वॅट जायला हवेत. नेहमीचा क्लास एबी ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीवरही घेतलेल्या विजेपैकी पन्नास-साठ टक्केच पुढे पाठवतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे भिंतीतून २,१०० ते २,५०० वॅट ओढावे लागतील. ते त्या सॉकेटमधून मिळणार नाहीत. आतले कपॅसिटर क्षणभराची उसळी सांभाळतात, सलग शक्ती पुरवत नाहीत. ‘५,००० वॅट पीएमपीओ’ लिहिलेल्या खोक्यांबद्दल तर एवढेच सांगता येते की पीएमपीओला कोणतीही प्रमाणित व्याख्या नाही. तो आकडा छापणारा ठरवेल तेवढा असतो.

रिसीव्हर बदलण्याचे खरे कारण त्याच्या पाठीवर, एचडीएमआयच्या खाचांमध्ये असते. २००९ च्या १.४ आवृत्तीने ४के चित्र सेकंदाला जेमतेम ३० फ्रेमपर्यंत नेले. ६० फ्रेमचे ४के २०१३ च्या २.० आवृत्तीने आणले. त्याआधीच्या रिसीव्हरमधून आजच्या प्लेअरचे पूर्ण चित्र टीव्हीपर्यंत जात नाही. तरीही तेवढ्यावरून तो भंगारात काढण्याचे कारण नाही. प्लेअर थेट टीव्हीला जोडावा आणि टीव्हीतला आवाज एआरसीने (एचडीएमआय केबलवरूनच टीव्हीचा आवाज उलट पाठवणारी सोय) किंवा ऑप्टिकल केबलने रिसीव्हरकडे आणावा. ऑप्टिकलवरून डॉल्बी डिजिटल ५.१ येते.

ईएआरसी ही एआरसीची पुढची आवृत्ती, तर ॲटमॉस म्हणजे छताकडूनही येणारा डॉल्बीचा आवाज. ‘ईएआरसी नसेल तर ॲटमॉस मिळत नाही’ हेही चूक. ओटीटीवरचे ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधलेले असते आणि ते साध्या एआरसीवरून जाते, फक्त रिसीव्हरला ॲटमॉस उलगडता आले पाहिजे. ईएआरसी लागते ती ब्लू-रे डिस्कवरच्या ट्रूएचडीसारख्या मोठ्या ध्वनिप्रवाहाला, आणि तीही प्लेअर टीव्हीला जोडला असेल तरच. ‘एचडीएमआय २.१’ या शिक्क्यावरही विसंबू नये: त्या आवृत्तीतल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे ४के १२० फ्रेम आणि किती गिगाबिट हे वेगळे विचारावे लागते. २०२० मध्ये काही नामांकित कंपन्यांच्या नव्या रिसीव्हरमधली २.१ ची चिप गेमिंग कन्सोलचे हेच १२० फ्रेमचे चित्र दाखवू शकत नव्हती.

नऊ चॅनलचा रिसीव्हर पाच स्पीकरवर लावल्यास चार चॅनल नुसते पडून राहतात. महाग एचडीएमआय केबलने चित्र उजळत नाही. प्रमाणित केबलवरचे क्यूआर लेबल तपासले की पुरे. नव्या रिसीव्हरने जुन्या स्पीकरचा पोत बदलत नाही, पण मायक्रोफोन लावून खोली मोजणारी ऑडिसी किंवा डिराकसारखी सोय आवाजात खरोखर फरक पाडते. जुन्यात ती नसेल, तर वॅटच्या पन्नास टक्के वाढीपेक्षा तिच्यावर खर्च केलेला पैसा केव्हाही चांगला.

हिंजवडीच्या आयटी कुटुंबांत आणखी एक समज पक्का आहे: अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून रिसीव्हर मागवला की स्वस्त पडतो. तिथली बहुतेक मॉडेल १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालणारी असतात. ती इथल्या २३० व्होल्टला थेट जोडल्यास पहिल्याच दिवशी निकामी होऊ शकतात. त्यासाठी वजनदार स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो व्होल्टेज उतरवतो पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते, आणि तिथली वॉरंटी इथे सहसा लागू होत नाही. प्लगचा आकार बदलणारा ॲडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे विमानतळावर जाण्याआधीच नातेवाइकाला सांगावे.

ज्या घरात फक्त टीव्हीवरचे ओटीटी पाहिले जाते, छतात स्पीकर बसवायचे नाहीत आणि जुना रिसीव्हर एआरसीवर पाच स्पीकर नीट वाजवतो आहे, त्या घराने नवा रिसीव्हर घेऊ नये. त्या पैशांत चांगला सेंटर स्पीकर घ्यावा. चित्रपटातले बहुतेक संवाद त्यातूनच ऐकू येतात.