मूल भाजी का थुंकतं?

"आमचा मुलगा भाजीला हातच लावत नाही," ही तक्रार पालकसभेत हमखास ऐकू येते. पण आवड बरीचशी घडवावी लागते.

गोड चव बाळाला जन्मतःच आवडते, कडू नको असते. बाकी चवींची ओळख आईच्या पोटातच सुरू होते. आईने खाल्लेल्या पदार्थांचा स्वाद गर्भजलात आणि दुधात उतरतो. २००१ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना ज्या आया गाजराचा रस प्यायल्या, त्यांच्या बाळांनी गाजराच्या रसात कालवलेलं धान्याचं पीठ खाताना तोंडं कमी वाकडी केली.

साधारण दोन ते सहा वर्षांत मुलं नव्या पदार्थाला बिचकतात. म्हणून एकदा थुंकलं म्हणजे आवडत नाही, असं नव्हे. तीच भाजी आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते.

"भाजी संपव, मग चॉकलेट देते" म्हटलं, की भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस. त्यापेक्षा घासभरच वाढा, स्वतः सोबत बसून चवीने खा. आणि शिक्षकहो, डबा खाताना "याला भाजी आवडतच नाही" असा शिक्का मारू नका. मूल तो खरा मानतं.