शब्दांची पहिली शिदोरी

तान्ह्या मुलापाशी बोलत बसणाऱ्या आईला ‘त्याला अजून काय कळते?’ असे विचारण्याची रीत आहे. ही समजूत किती अपुरी आहे, हे जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट या अमेरिकन संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. त्यांनी ८ महिन्यांच्या बालकांना एका बनावट भाषेतील तीन-तीन अक्षरांचे ४ शब्द, कोठेही न थांबता, एकसुरी आवाजात २ मिनिटे ऐकविले. तेवढ्या ऐकण्यावर ती बालके पूर्ण शब्द आणि दोन शब्दांच्या तुकड्यांचे कडबोळे यांत फरक करू लागली.

हे घडते कसे? ‘चांदोबा बघ’, ‘चांदोबा आला’, ‘चांदोबा लपला’ या बोलण्यात ‘चां’मागून ‘दो’ आणि ‘दो’मागून ‘बा’ दर वेळी येतात. ‘बा’नंतर काय येईल याचा मात्र नेम नसतो. जेथे नेम सुटतो तेथे शब्द संपतो, हा हिशेब बाळाचा मेंदू नकळत मांडत असतो. अर्थ कळण्यासाठी पुढे आईचे बोट व नजर यांचा आधार मिळतो.

मग मोबाइल समोर धरला म्हणजे भागेल काय? २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिनी भाषक व्यक्ती ९ महिन्यांच्या अमेरिकन बालकांशी १२ बैठकांत प्रत्यक्ष खेळल्या-बोलल्या. त्या बालकांना चिनी ध्वनींतील भेद ओळखता आला. तेच बोलणे केवळ पडद्यावर दाखविलेल्या बालकांना तो ओळखता आला नाही. नुसता आवाज पुरत नाही. समोर माणूस लागतो.

येथे हा प्रश्न सामाजिक होतो. शब्दांना पैसे पडत नाहीत. पण बोलायला लागणाऱ्या वेळेला किंमत आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, तरी असंघटित क्षेत्रात राबणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला ती येत नाही. तीन वर्षांखालील मुलासाठी अंगणवाडीतून शिधा घरी जातो. आई कामावर असताना त्याच्याशी बोलणार कोण? २०२२ पासूनच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. अशा पाळणाघरांचे यश मुलांच्या वजनाबरोबरच, तेथील सेविकेला एकेका मुलाशी बोलण्याइतकी सवड मिळते की नाही, यावरही जोखले पाहिजे.

पहिलीच्या वर्गात शब्दांवाचून अडणाऱ्या मुलाला ‘मंद’ ठरविणे सोपे असते. त्याचा पहिला धडा कडेवर असतानाच हुकलेला असू शकतो, हे मात्र ध्यानात येत नाही.