आधी पकड, मग उडी

माकडांच्या घराण्यात आधी काय आलं: समोर पाहणारे डोळे, लांब उडी की फांदी धरणारा पाय? मला याचं उत्तर कार्पोलेस्टिसच्या सांगाड्यात दिसतं. अमेरिकेतल्या वायोमिंगमधला, सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, जेमतेम १०० ग्रॅमचा हा प्राणी. ब्लॉक आणि बॉयर यांनी २००२ साली तो जगापुढे मांडला. चुनखडी आम्लात हळूहळू विरघळवून हाडं मोकळी केली; छिन्नीनं चुराच झाला असता. गंमत आहे ती पायाच्या अंगठ्यात. तो बाकीच्या बोटांसमोर वळतो, आणि त्यावर आपल्यासारखं चपटं नख! इतर बोटांना मात्र नख्याच. डोळे बाजूला, उडीची घडण नाहीच. म्हणजे बारीक फांद्यांवरची फळं-फुलं गाठायला पकड आधी आली. हा खरा प्रायमेट की नुसता नातलग, यावर तज्ज्ञ भांडतात. मी नातलगच म्हणेन. मात्र मग ती पकड त्याच्यात वेगळीच उपजली असंही असू शकतं, बरं का.