जनरेटरच्या टाकीतली बुरशी
श्रोतेहो, डिझेलमध्येही बुरशी वाढते. तिला हवे असते फक्त थोडे पाणी. नागपुरात पावसाळ्याची दमट हवा अर्धवट रिकाम्या टाकीत शिरते. रात्री पत्रा गार झाला की बाष्पाचे थेंब होतात आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, तिथे बुरशी व जिवाणू डिझेलवरच पोसतात. त्यांचा बुळबुळीत गाळ फिल्टर तुंबवतो. इस्पितळात ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी वीज गेली आणि जनरेटरही बंद पडला, तर? म्हणून मी सांगतो, टाकी शक्यतो भरलेली ठेवा आणि तळाचा नळ उघडून पाणी नियमित काढा. जंतुनाशक औषध त्यानंतर. पाणी तसेच राहिले, तर बुरशी पुन्हा येणारच.