रेखाटलेला शृंगार आणि श्रद्धावंताचा विवेक

अ‍ॅनिमे म्हणजे रेखाटलेल्या चित्रांचे जपानी चित्रपट व मालिका. त्यांतील कामुक दृश्यांविषयी धर्मनिष्ठ प्रेक्षकाने कोणती भूमिका घ्यावी, हा प्रश्न आता जपानपुरता राहिलेला नाही. ख्रिस्ती घरांतून तर तो कळकळीने विचारला जातो. उत्तरे मात्र बहुधा दोनच मिळतात. एक पक्ष उघड्या अंगाचे माप घेऊन निकाल देतो. दुसरा म्हणतो, ही तर नुसती रेषा, तिला पाप कसले? आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आधी पाहू. चित्रातील स्त्री हाडामांसाची नटी नव्हे, तिची विटंबना होत नाही, हे खरे. परंतु येशूने डोंगरावरील प्रवचनात वासनेने पाहणे हाच मनातील व्यभिचार मानला आहे. तेथे दोष पाहणाराच्या दृष्टीत आहे. पाहिलेली वस्तू कागदाची म्हणून तो सुटत नाही. शिवाय कॅमेऱ्यात एखादी गोष्ट नकळत शिरू शकते, रेखाटलेल्या चित्रात तसे काहीच येत नाही. वस्त्र कितपत ढळावे, नजर कोठे रेंगाळावी, हे कोणी तरी ठरवूनच काढलेले असते. कथेला गरज नसता घातलेल्या अशा दृश्यांना 'फॅन सर्व्हिस' हे सरळसरळ दुकानदारी नाव रूढ आहे!

पहिल्या पक्षाने सातोशी कोन ह्यांचा 'पर्फेक्ट ब्लू' (१९९७) विचारात घ्यावा. गायिकेची नटी होऊ पाहणारी मिमा एका मालिकेसाठी बलात्काराच्या प्रसंगात काम करते. चित्रीकरण मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते, आणि पाहणाराला आपल्याच पाहण्याची लाज वाटू लागते. मापाने पाहिले तर हे दृश्य त्याज्यच; पण त्याचा रोख वासना चेतविण्याकडे नाही, एका मुलीचे बाजारात काय होते ते दाखविण्याकडे आहे. ते सर्वांनी पाहावे असे मात्र आम्ही म्हणत नाही.

जपानी परंपरेचे मापही निराळे. इ. स. ७१२ च्या 'कोजिकी'त गुहेत दडलेल्या सूर्यदेवतेला बाहेर आणण्यासाठी उझुमे अनावृत होऊन नाचते आणि देव हसतात.

आपल्या साहित्यशास्त्राने ही अडचण पूर्वीच ओळखली होती. मम्मटाने व्रीडा, जुगुप्सा व अमंगल सूचित करणारी अशी त्रिविध अश्लीलता दोषांत घातली, पण वैराग्याच्या कथनात ती गुणही होते असे म्हटले. आनंदवर्धन त्याहून पुढे गेला. श्रेष्ठ देवतांचा ग्राम्य संभोग वर्णिणे त्याला आईबापांच्या संभोगवर्णनासारखे असभ्य वाटले. 'कुमारसंभवा'त तो दोष कालिदासाच्या शक्तीने झाकला जातो, एवढेच. दोष झाकला गेला तरी तो दोष आहे, हे महाकवीच्या बाबतीतही सांगण्याची ही हिंमत आम्हांस मोलाची वाटते.

तिची खरी गरज एका ठिकाणी आहे. जपानने २०१४ साली बालकांची अश्लील छायाचित्रे जवळ बाळगणे गुन्हा ठरविले, परंतु मांगा व अ‍ॅनिमे त्या कायद्यातून वगळले. तेथे कोणत्याही खऱ्या बालकाला इजा झालेली नाही, हा त्यामागील युक्तिवाद. कायद्याला तो पुरत असेल. पण बालकाकडे कसे पाहावे ह्याची सवय डोळ्यांना चित्रांतूनही लागते. आणि हा दोष झाकील अशी शक्ती आम्ही कोणत्याही चित्रकारात मानीत नाही.