पाऊण तोळ्याची फेक

नांदेडला विष्णुपुरीच्या जलाशयाकडेला गळ टाकून बसलेल्या माणसाची काठी कधीतरी निरखून पाहा. बांबूची सरळ काठी, शेंड्याला नायलॉनची दोरी, दोरीवर शिशाचा मणी, त्याखाली गळ आणि गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. काठी फिरवली की शिसं पुढे झेपावतं आणि दोरीला आपल्यामागे ओढून नेतं. जड पुढे, हलकं मागे. गोदाकाठच्या भोई समाजाच्या हाताला ही फेक इतकी सवयीची आहे, की यात एखादा नियम दडलाय असं कुणाच्या मनातही येत नाही.

हा नियम उलटा करणारी एक काठी आहे. तिला फ्लाय रॉड म्हणतात. तिच्या दोरीला शिसं नसतं. टोकाला असते ती एका कीटकाची नक्कल, म्हणजेच फ्लाय: बारीकशा गळावर रेशमी धागा आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून केलेली, तळहातावर ठेवली तर जाणवणारही नाही इतकी हलकी. ती हाताने फेकली तर पायाशीच पडेल. तरीही सराव असलेला माणूस ती चाळीस-पन्नास फुटांवर, ताटाएवढ्या जागेत, पाण्याला धक्का न लावता उतरवतो. मग वजन कुठे आहे? वजन दोरीत आहे. फेकायची असते ती दोरी. कीटक तिच्या टोकाला नुसता प्रवास करतो.

या दोऱ्यांना नंबर असतात आणि नंबर ठरतो पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून. ३ नंबरच्या दोरीचे ३० फूट भरतात १०० ग्रेन, ४ नंबरचे १२०, ५ नंबरचे १४०. आपला जुना सराफी तोळा १८० ग्रेनचा. म्हणजे ट्राउट माशासाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी ५ नंबरची दोरी पाऊण तोळ्याहून जराशीच जड, नऊ ग्रॅमच्या आसपास. ५ नंबरचा रॉड म्हणजे एवढं वजन हवेत पुढेमागे नेताना जो योग्य तेवढा वाकतो तो रॉड. रॉड निवडताना लोक आधी मासा किती किलोचा ते विचारतात. खरा प्रश्न असतो, दोरी किती तोळ्याची.

हवेत जे घडतं ते मात्र मला आजही थक्क करतं. हात मागे जातो, दोरी मागे पूर्ण उलगडते, हात पुढे येतो आणि झटकन थांबतो. काठीचा शेंडा थांबला की शेंड्यालगतचा दोरीचा भागही थांबतो, पण वरचा भाग धावतच राहतो. दोघांमध्ये एक वळसा तयार होतो आणि तो पुढे सरकत जातो. जसजसा तो सरकतो, तसतशी धावणारी दोरी आखूड होत जाते. हाताने दिलेली ऊर्जा आता कमी-कमी वजनात सामावावी लागते, म्हणून वेग वाढतो. पोतराजाचा आसूड याच नियमाने कडाडतो: मुठीकडची जाड दोरी हळू, शेपटाकडची बारीक दोरी त्याहून वेगवान आणि शेवटचं टोक आवाजाच्याही पुढे, सेकंदाला ३४० मीटरांपलीकडे. तो कडाका म्हणजे आवाजाची भिंत फुटल्याचा नाद. फ्लायची दोरी एरवी तिथवर जात नाही, जाऊ द्यायचीही नसते. तिला हवा अडवते, दोरी आणि कीटक यांना जोडणारी, टोकाकडे निमुळती होत गेलेली पारदर्शक तार उरलेला वेग जिरवते आणि कीटक अलगद उतरतो. चुकीच्या हातात हीच दोरी आसुडासारखी कडाडते आणि टोकाचा कीटक तुटून उडून जातो.

हे सगळं ज्या माशापायी घडलं तो ट्राउट मराठवाड्यात नाही, आणि राहूही शकणार नाही. कारण प्राणवायू. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जवळजवळ ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. ३० अंशांना तोच आकडा साडेसातच्या आसपास येतो. ट्राउटला भरपूर प्राणवायू लागतो, २० अंशांपुढचं तापमान त्याला जाचतं. मांजरा आणि गोदावरीचं वैशाखातलं पाणी त्याला श्वासच घेऊ देणार नाही. आपल्या मरळीने याच अडचणीवर वेगळा तोडगा काढलाय: ती पृष्ठभागावर येऊन सरळ हवाच गिळते.

भारतात ट्राउट आला तो अंड्यांच्या रूपाने, बर्फात जपून, समुद्रमार्गे. स्कॉटलंडची अंडी १९०० साली काश्मीरमध्ये जगली. तिथून १९०९ मध्ये हा मासा कुलूच्या खोऱ्यात पोहोचला. आज तीर्थन, बियास, लिद्दर या नद्यांवर मत्स्य विभागाचा परवाना काढून तो पकडता येतो. आणि या बाबतीत नांदेडकर नशीबवान आहे. हुजूर साहिबच्या यात्रेकरूंसाठी धावणारी सचखंड एक्स्प्रेस त्याला थेट अमृतसरला नेऊन सोडते. पुढे पठाणकोटवरून कुलूही गाठता येतं आणि काश्मीरही. लातूरकराला आधी नांदेड गाठावं लागेल, एवढंच.

आता रॉड निवडायचा, तर आधी माशाचं ताट पाहायला हवं. मे-फ्लाय नावाच्या कीटकाचं पिल्लू महिनोन्‌महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं, नदीच्या तळाशी दगडांना धरून वाढतं. हे निम्फ. मग एका संध्याकाळी ते वर येतं, पाण्याच्या पातळ पडद्याशी झगडत कात टाकतं आणि पंख घेऊन उडतं. पुढे पंखांसकट आणखी एकदा कात टाकतं. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा दुसरा कीटकगट जगात नाही. प्रौढ मे-फ्लायला काम देणारं तोंड नसतं. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. ट्राउट बहुतेक जेवण तळाशी, निम्फ खाऊन करतो. पण कीटक उडण्याची वेळ आली की तो वर येतो आणि पृष्ठभागावरून त्यांना टिपतो. तरंगत्या कीटकाची नक्कल ती ड्राय फ्लाय, तळाच्या पिल्लाची नक्कल ती निम्फ. एकच कीटक, दोन वयं. आणि प्रत्येक वयाला वेगळी काठी.

ड्राय फ्लायची अडचण नाजूक असते. ट्राउट खालून वर पाहतो तेव्हा बाहेरचं सगळं जग त्याला सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. खिडकीबाहेर पाण्याचा पडदा आरशासारखा फक्त तळ दाखवतो. प्रकाशाच्या वक्रीभवनाची ही करामत. काठाजवळची उंच आकृती या खिडकीच्या कडेला दबलेली का होईना, दिसते, म्हणून लांब राहायचं, वाकून राहायचं. टोकाची तार बारीक हवी, साधारण ०.१५ मिलिमीटर. अशी तार एका हिसक्यात तुटते, म्हणून काठीचा शेंडा मऊ हवा, हिसका पिणारा. त्यातून उत्तर निघतं: ९ फुटी, ४ किंवा ५ नंबरचा, मध्यापर्यंत वाकणारा रॉड. झाडीने झाकलेल्या अरुंद ओढ्यात ९ फूट फिरवता येत नाहीत. तिथे साडेसात फुटी, ३ नंबरचा.

निम्फचं तंत्र याच्या अगदी उलट आहे. इथे जड दोरी जवळजवळ रीलमधून बाहेरच येत नाही. काठीच्या शेंड्यापासून लांबलचक बारीक तार, तिच्या टोकाला टंगस्टनचा मणी बांधलेला निम्फ, आणि तो तळाशी दगडांवरून घरंगळत न्यायचा. मासा तो तोंडात घेतो आणि खोटं कळताच क्षणात थुंकतो. तेवढ्या क्षणात हाताला कळायला हवं. म्हणून काठी लांब, १० ते ११ फूट, दोन प्रवाहांपलीकडे तार उचलून धरता येईल अशी. नंबर हलका, २ ते ४. शेंडा अतिशय संवेदनशील आणि बुंधा मात्र दमदार. विष्णुपुरीच्या कडेला बसलेल्या त्या माणसाकडे आता पुन्हा बघावंसं वाटतं. लांब काठी, ताणलेली दोरी, टोकाला वजन आणि बोटांना कळणारी थरथर. अलीकडे स्पर्धांमध्ये गाजलेलं निम्फचं हे तंत्र मुळात आपल्या गळाच्या काठीच्या फार जवळचं आहे.

लांबी वाढवणं मात्र फुकट मिळत नाही. एका टोकाला धरलेल्या काठीचं वाकणं लांबीच्या घनानुसार वाढतं. ९ फुटांची १० फूट केली तर इतर काही न बदलता ती सदतीस टक्के जास्त वाकते. उलट जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. काठी दहा टक्के जाड केली की तिचा ताठपणा जवळपास दीडपट होतो. म्हणूनच रॉड बनवणारा कारागीर इंचाच्या हजाराव्या भागावरून झोप घालवतो.

आणि हा कारागीर शतकभर ज्या वस्तूशी झुंजला ती आपल्या ओळखीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पेनसिल्व्हानियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप यांनी बांबू उभा चिरून, पट्ट्या चिकटवून रॉड बनवले. पुढे मेन प्रांतातल्या हिरम लिओनार्ड यांनी सहा पट्ट्यांचा रॉड यंत्रावर काढायला सुरुवात केली. हा बांबू हिंदुस्थानातून यायचा आणि अमेरिकेत त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत, कारण तो कलकत्त्याच्या बंदरातून निघे. वनस्पतिशास्त्रात तो डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. आपल्याकडे मानवेल. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या सागाच्या रानात हीच जात उगवते. पोलिसांची पारंपरिक लाठीही याचीच.

बांबू का, हे कळलं की रानातून जाताना त्याच्याकडे नुसतं बघणं उरत नाही. बांबू गवत आहे. कोंब जमिनीतून जेवढा जाड बाहेर येतो तेवढाच राहतो. झाडासारखा वर्षागणिक फुगत नाही. पुढची वर्षं तो फक्त पक्का होत जातो. त्याच्या भिंतीत चिवट तंतू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात: आत विरळ आणि बाहेरच्या सालीलगत दाट. कुठलीही काठी वाकली की ताण सर्वांत जास्त बाहेरच्या थरावर येतो, मध्याला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे वाऱ्यात झुलण्यासाठी बांबूने आपलं बळ नेमकं जिथे लागतं तिथेच नेऊन ठेवलंय. कारागीर एवढंच करतो: बांबू चिरतो, उष्णता देऊन पट्ट्या सरळ आणि टणक करतो, रंध्याने ६० अंशांचे त्रिकोण काढतो, आतला भुसभुशीत भाग टाकून देतो आणि सालीची बाजू बाहेर ठेवून सहा पट्ट्यांचा षट्‌कोन जुळवतो.

मानवेलीची जागा पुढे चीनच्या टोंकिन बांबूने घेतली. त्याची पेरं लांब, गाठी कमी उठावदार आणि सरळपणा जास्त. शिवाय कलकत्त्याहून येणाऱ्या बांबूवर अनेकदा जाळाचे डाग असत. १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि काचतंतूंच्या रॉडला वाट मोकळी झाली. १९७३ मध्ये फेनविक कंपनीने कार्बन तंतूंचा रॉड बाजारात आणला आणि आज जवळजवळ सगळे त्याचेच. पण कार्बनचा रॉड तरी काय आहे? राळेत बसवलेले लांब, उभे तंतू, पोकळ नळीच्या भिंतीत. बांबूतही लिग्निनमध्ये बसवलेले सेल्युलोजचे तंतूच असतात. प्रयोगशाळेने बांबूचाच आराखडा पुन्हा गिरवला.

इकडे भारतात २०१७ मध्ये वनकायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वनाबाहेरचा बांबू वगळला गेला आणि शेतकऱ्याला तो तोडणं, नेणं सोपं झालं. लातूरजवळच्या औसा तालुक्यातलं लोदगा तर शेतकरी नेते पाशा पटेल यांच्यामुळे बांबूचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलंय. फर्निचर, इथेनॉल, इंधन यांची चर्चा तिथे होते. कुणीतरी एक पक्व मानवेल चिरून सहा पट्ट्यांचा रॉड करून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. जगातल्या काही मोजक्या कार्यशाळांत हे काम अजून हाताने चालतं आणि एकेका रॉडला महिना लागू शकतो.

ड्राय आणि निम्फ दोन्ही करायचंय आणि पैसे एकाच रॉडपुरते आहेत, तर काय घ्यावं? बियाससारख्या रुंद, वाऱ्याच्या नदीवर जाणार असाल तर ९ फुटी ५ नंबर. तीर्थनसारख्या लहान नदीवर जास्त वेळ घालवणार असाल आणि निम्फकडे ओढा असेल, तर १० फुटी ४ नंबर. तो ड्राय फ्लायही पुरेशी हळुवार उतरवतो. माझा कौल नवशिक्यासाठी पहिल्या पर्यायाला आहे. चार तुकड्यांचाच घ्या; ९ फुटी रॉडचा एकेक तुकडा सव्वादोन फुटांच्या आसपास होतो आणि त्याची नळी रेल्वेच्या बर्थखाली सहज मावते. दुकानात नुसता रॉड हलवून काही कळत नाही. रील लावा, त्याच नंबरची दोरी ओवा, बाहेर या आणि २५-३० फूट दोरी फेकून पाहा. बरेचसे ट्राउट तेवढ्याच अंतरावर मिळतात. त्या अंतराला न वाकणारा ताठ रॉड, कितीही महाग असला, तरी नको.

सरावाला नदी लागत नाही. मोकळं मैदान पुरे. गळाच्या जागी लोकरीचा धागा बांधा आणि दर वेळी मागे वळून दोरी पूर्ण उलगडली का ते बघा. हात बसला की जलाशय ज्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असेल तिची परवानगी काढून पाण्यावर जा. मरळीला ७-८ नंबरचा रॉड आणि बेडकाची नक्कल लागते. पण काठालगतची चिलापी लहानसा निम्फ सावकाश ओढला तर घेते, आणि ५ नंबरच्या रॉडवर पावशेराची चिलापीसुद्धा काठीला मुठीपर्यंत वाकवते.